जालन्याची आगगाडी : इंजिन आणि रूळ

गाडीला उशीर झाला की आपण इंजिनाला दोष देतो. जोरदार इंजिन आले की गाडी धावेल, असे आमच्या एमआयडीसीतील स्टील मिलचे कामगारही बोलतात. जालन्याच्या रेल्वेचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटर गेजचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाला. दोन रुळांत अंतर एक मीटर. इतक्या अरुंद पायावर वेग बेताचाच ठेवावा लागे. मनमाडला रुंद रूळ लागे, तेव्हा माल एका वाघिणीतून दुसरीत हमालांनी चढवायचा. १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, १९५१ साली ती मध्य रेल्वेत आली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत गेली. मालक बदलले, रुंदी तीच राहिली. मराठवाड्याने मागणी लावून धरली, तेव्हा १९९२ साली मनमाड–औरंगाबाद मार्ग रुंद झाला व पुढे काम जालन्यावरून परभणीकडे सरकले.

आता थोडा हिशेब मांडू. जालना ते छत्रपती संभाजीनगर अंतर सुमारे ६० किलोमीटर धरा. ताशी १०० च्या वेगाने ३६ मिनिटे लागतात. त्यांतील ६ किलोमीटर रूळ कच्चा असून तेथे वेग ३० वर आणावा लागला, तर ४४ मिनिटे लागतील. जोरदार इंजिन लावून उरलेल्या वाटेवर १२० चा वेग घेतला, तरी ३९. तेवढा तुकडा दुरुस्त केला, तर जुन्याच इंजिनाने पुन्हा ३६! आणि एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी वीस मिनिटे थांबावे लागले, की सगळी कमाई बुडाली.

३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. तिची निम्मी चाके मोटरवर चालतात, म्हणून ती झटकन वेग घेते. पण तिला वाट देण्यासाठी साधी गाडी बाजूला उभी राहते, आणि तीत मजूर बसलेला असतो. संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला केंद्राने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली, तिचे मोल त्या मजुराला विचारा.

वेग वाढला की रुळावरचा मारही वाढतो. पावसात काळी माती फुगून भराव हलतो, उन्हात रूळ ताणतो, थंडीत आकसून तडकतो. हे सारे पाहतो तो खडी ठोकणारा गँगमन. तेव्हा मंडळी, नव्या गाडीचा अर्ज लिहाल, त्याच अर्जात दुसरा रूळ मागा आणि तो राखायला पुरेशी माणसेही मागा.