आटवलेल्या रुपयांचा इतिहास : भंडारा जिल्ह्यातील हातघडणीचे दागिने

भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की तांदूळ, तलाव, कोसा आणि पितळेची भांडी या चार गोष्टी ओघाने येतात. या चारही गोष्टींचा इतिहास कमीअधिक प्रमाणात लिहिला गेला आहे. तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांची नावेसुद्धा लोकांच्या तोंडी आहेत. नवेगावबांधचा तलाव आज गोंदिया जिल्ह्यात असला, तरी कोलू पाटलाचे नाव जुन्या भंडारा जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असते. पण त्याच पाटलाच्या घरातील बाईच्या गळ्यात काय होते, ते कोणी घडवले आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगणारा कागद आपल्याकडे नाही. तलाव जमिनीवर राहिला, दागिना मात्र आटून गेला. हा लेख त्या आटण्याचा मागोवा घेतो.

दागिन्यांची हौस या भूमीला नवी नाही. नागपूरजवळचे माहुरझरी हे लोहयुगातील शिळावर्तुळांसाठी प्रसिद्ध असलेले स्थळ. तेथे अकीक, कार्नेलियन, जास्पर अशा दगडांचे तयार मणी सापडले, तसेच अर्धवट घडवलेले मणीही सापडले. अर्धवट मणी पुराणवस्तुशास्त्रज्ञाला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यावरून मणी बाहेरून आलेले नसून तेथेच घडत होते हे सिद्ध होते. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेकाठचे त्यानंतरच्या काळातील मोठे नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, दात्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख निघाले, आणि मुचलिंद नागाचे नाव कोरलेला शिल्पपट्टही मिळाला. ही शिल्पे भरहुतच्या शैलीशी जवळीक सांगणारी आहेत. भरहुतच्या यक्षींच्या अंगावरील जाड कडी, कंठ्या आणि वजनदार कर्णभूषणे पाहिली, की शंभर वर्षांपूर्वीच्या झाडीपट्टीतील शेतकरी बाईचे चित्र डोळ्यांसमोर येते. यावरून दोन हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध होत नाही. जड धातूचे कडे अनेक देशांत, अनेक काळांत घातले गेले आहे. एवढेच म्हणता येईल, की दगडातला दागिना टिकला म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे.

गावाच्या नावाकडेही पाहावे. रतनपूरच्या कलचुरी राजाच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात ‘भाणार’ असा उल्लेख येतो आणि अभ्यासक तो आजच्या भंडाऱ्याशी जोडतात. लोक मात्र हे नाव ‘भाणे’ या शब्दावरून, म्हणजे धातूच्या भांड्यावरून आले असे सांगतात. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, धातू ओतणारे आणि ठोकणारे हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या होते. चांदी न परवडणाऱ्या घरांतील कडी आणि तोडे पितळेचे किंवा काशाचे असत. म्हणजे कासार आणि सोनार यांच्यातील अंतर कारागिरीपेक्षा गिऱ्हाइकाच्या ऐपतीने ठरत असे.

या भागातील अंगावरचे दागिने मोजायला बसले, तर आधी शब्द पुढे येतात. गळ्यात डोरले, गरसोळी, एकदाणी, सरी. हातात गोट, पाटल्या. दंडात वाकी. पायात तोडे, वाळे, आणि बोटांत जोडवी, विरोद्या, मासोळ्या. लहान मुलाच्या कमरेला चांदीचा करदोडा. पूर्वेकडे सरकावे तसे छत्तीसगडी सुतिया आणि ऐंठी हे शब्द ऐकू येतात. मराठी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगडी या बोलींची सरमिसळ जशी झाडीपट्टीच्या बाजारात होते, तशी ती दागिन्यांच्या नावांतही दिसते. यात डोरले हा वैदर्भीय विवाहितेचा खास दागिना. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन वाट्यांच्या मंगळसूत्राशी त्याचे नाते आहे, पण नाव आणि घडण यांनी ते वेगळे ओळखू येते.

घडणीत स्थानिक जंगलाचाही वाटा होता. पळसाच्या झाडावर होणारी लाख या प्रदेशात पूर्वापार गोळा केली जाते. पोकळ गोटाच्या पोटात हीच लाख भरली जाई. त्यामुळे पातळ पत्र्याचा दागिना चेपत नसे आणि थोड्या धातूत भरीव दिसे. सोनार मुशीत धातू वितळवी, जंतरातून तार ओढी, टाकणखार लावून डाक देई. ऐरण, हातोडी, चिमटा आणि फुंकणी एवढ्यावर त्याचे दुकान चाले. पायात सोने घालायचे नाही हा नियम बहुतेक जातींनी पाळला, म्हणून कमरेखालचे सारे काम चांदीचे. ज्यांना तेही शक्य नव्हते त्यांच्यासाठी गोंदण होते. मेल्यावर सगळे दागिने काढून घेतात, सोबत येते ते फक्त गोंदण, ही समजूत गोंड स्त्रियांत आणि इतर समाजांतही आढळते. या समजुतीत श्रद्धा आहेच, पण दागिना शेवटी आपला राहत नाही याची रोकडी जाणीवही आहे.

आता चांदीच्या हिशोबाकडे वळू. १८३५ पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. खेड्यातल्या माणसाला शुद्धतेची खात्री असलेली चांदी म्हणजे हाच रुपया. त्यामुळे सुगीनंतर हाती आलेले रुपये सोनाराकडे जात, मुशीत पडत आणि तोड्यांच्या रूपाने परत घरी येत. वजनही रुपयांतच सांगितले जाई : अमुक रुपयाभाराचे तोडे, तमुक रुपयाभाराची सरी. उलटा प्रवासही मोकळा होता. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडे शुल्क कापून रुपये पाडून घेऊ शकत असे. शेतकरी टांकसाळीत जात नव्हता, पण ती सोय असल्यामुळे बाजारात चांदीचा भाव रुपयाला धरून राही. तोडे म्हणजे पायात घातलेली रोकडच.

२६ जून १८९३ रोजी ही साखळी तुटली. त्या दिवशी सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. जगात चांदी स्वस्त होत चालली होती. विलायतेला पाठवायच्या रकमांसाठी रुपयाचा दर सावरणे सरकारला आवश्यक वाटले. रुपयाचा दर पुढे सोळा पेन्सांवर स्थिरावला, पण चांदी घसरतच राहिली. १८९७ च्या सुमारास रुपयातील चांदीची जागतिक बाजारातली किंमत खुद्द रुपयाच्या दोन तृतीयांशांच्या आसपास आली होती. ज्या बाईने शंभर रुपये आटवून तोडे केले होते, तिचे तोडे आता शंभर रुपयांचे उरले नव्हते. हा निर्णय तिच्या कानावर कधी गेलाही नसेल.

नेमके याच वेळी दुष्काळ आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. भातावर आणि तलावांच्या पाण्यावर अवलंबून असलेला भंडारा जिल्हा त्यातून सुटला नाही. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. अशा वेळी घराघरांतून दागिने बाहेर पडले. सगळेच एकदम विकायला निघाले की भाव आणखी पडतो. आधी टांकसाळ बंद झाल्याने आलेली तूट, तिच्यावर दुष्काळातील पडेल भाव, आणि त्यावर सावकाराची कसर. झाडीपट्टीतील जुनी जड चांदी आज घरांत का आढळत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या सात वर्षांत आहे असे मला वाटते. आवड बदलली हे कारण नंतरचे.

मोठ्यांच्या दागिन्यांचेही काही वेगळे झाले नाही. भंडारा ज्यांच्या अमलाखाली होते त्या नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारल्यावर खालसा झाले. राजवाड्यातील जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले गेले. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली आणि ती परत आली. तलवार परत येऊ शकते, कारण ती तलवारच राहते. दागिन्याचे खडे सुटे होतात, सोने मुशीत जाते, आणि परत आणायला वस्तूच उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर धक्का बसला तो घडवणाऱ्याला. चीनयुद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण नियम आले. १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. देशभर सोनारांची दुकाने बसली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १४ कॅरटची अट पुढे उठली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. तेवढ्यात एक पिढी दुसऱ्या कामांकडे वळली. नंतर साच्यातून निघणारा, हलका, तयार माल शहरांतून आला. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. गिऱ्हाइकाला शुद्धतेची हमी मिळाली हे चांगलेच झाले. पूर्वी ही हमी गावचा सोनार स्वतःच्या तोंडाने देत असे. आता ती शिक्का देतो, आणि दागिना कोणाच्या हातचा हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अलीकडे ‘पारंपरिक दागिने’ पुन्हा मागणीत आहेत. वज्रटीक, सरी, तोडे, काळपट चांदीच्या रंगात, लग्नसमारंभांत आणि महाविद्यालयांच्या संमेलनांत दिसतात. यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण आपल्या परंपरेचा स्वभाव पाहिला तर एक अडचण उभी राहते. मराठीत दागिना ‘घडवतात’ आणि ‘मोडतात’. मोडणे हा त्याच्या आयुष्याचाच भाग होता. आजीच्या गोटाचे आईने पाटल्या केल्या आणि मुलीने अंगठ्या केल्या, तर त्यात कोणी वारसा बुडवला असे समजत नसे. धातू तोच राही, आणि कोणाच्या कशाचे काय केले ही गोष्ट घरात सांगितली जाई. त्यामुळे दागिने मोडू नका असा उपदेश करणे इतिहासाला धरून होणार नाही. मुलीचे शिक्षण किंवा दवाखान्याचा खर्च समोर असताना तो उपदेश माणुसकीलाही धरून होणार नाही.

मात्र पूर्वी धातूबरोबर गोष्ट पुढे जात होती, ती आता थांबली आहे. नवा तोडा कारखान्यातून येतो आणि जुना मोडीत जातो. या दोघांना जोडणारे नाव, वजन, प्रसंग आणि कारागीर यांची आठवण मधेच गळते. ती आठवण टिकवण्याचे काम कोणत्याही संग्रहालयाची वाट न पाहता होऊ शकते. दागिना मोडायला नेण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. वजन लिहावे. घरातील सर्वांत वयस्क बाई त्याला कोणत्या नावाने ओळखते ते तिच्याच उच्चारात लिहावे. तो कोणत्या प्रसंगी आला, कधी गहाण पडला, कधी सुटला, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला किंवा सांधला, हे विचारावे. आतल्या बाजूचा डाक, झिजलेली कड, घडवणाऱ्याचा शिक्का असल्यास तोही टिपावा. झाडीबोलीचे शब्द डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी कोशात आणले, तेव्हा बोलीला अभ्यासाचा विषय म्हणून मान मिळाला. दागिन्यांची अशी नोंद गावोगावी झाली, तर जिल्ह्यातील स्त्रियांच्या मिळकतीचा, संकटांचा आणि आवडीनिवडींचा पहिला दस्तऐवज तयार होईल. दुष्काळ आणि कर्ज यांचे सरकारी आकडे आपल्याकडे आहेत. त्या आकड्यांखाली कोणाचे तोडे गेले हे फक्त घरेच सांगू शकतात.

भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियाच्या गावांत मंडई भरू लागेल, लेकी माहेरी येतील आणि पेट्या उघडल्या जातील. लक्ष्मीपूजनाला मांडलेला चांदीचा रुपया अजून कित्येक घरांत आहे. तो ज्या सरीतून, ज्या तोड्यातून वाचला, त्यांची नावे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना यंदा विचारावे.