गर्भाशयातील लाटा

पाठ्यपुस्तकातील आकृतीत गर्भाशय उलट्या नासपतीसारखे निश्चल दिसते. प्रत्यक्षात ते गर्भ नसतानाही हलत असते. आतील अस्तराला स्वतःचे स्नायू नाहीत. त्याच्या लगतचा स्नायूंचा थर आकुंचन पावतो आणि अस्तरावर लाटा उमटतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्या १९८०च्या दशकात दिसू लागल्या.

या लाटांना दिशाही असते. १९९६ मध्ये जर्मनीतील कुंत्स, लायेंडेकर आणि सहकाऱ्यांनी शुक्रपेशींऐवजी किरणोत्सारी सूक्ष्मकण वापरले. हे कण काही पोहत नाहीत! तरीही मिनिटभरात ते गर्भाशयात पोहोचले. आणि बीजमोचन जवळ येताच मुख्यतः बीज पिकत असलेल्या बाजूच्याच नलिकेकडे गेले. बीजमोचनानंतर प्रोजेस्टेरॉन या लाटा शमविते.

शुक्रपेशींना उपयोगी पडणारी ही हालचाल भ्रूणाला मात्र अडचणीची ठरत असावी. फ्रान्समधील फांशँ यांच्या गटाने १९९८ मध्ये २०९ चक्रांत, भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी आकुंचने मोजली. मिनिटाला तीनपर्यंत आकुंचने असलेल्या गटात ५३ टक्के, तर पाचांहून अधिक असलेल्या गटात २० टक्के स्त्रियांना गर्भ राहिला.

मग भ्रूण गोठवून, गर्भाशय अनुकूल होईपर्यंत थांबले तर? ही कल्पना आपल्याकडे त्याआधीच आली होती. अनेक बीजे मिळविण्यासाठी संप्रेरके दिलेल्या चक्रात अस्तर रोपणास योग्य नसते, असे मानून कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी भ्रूण ५३ दिवस गोठवून नंतरच्या चक्रात सोडले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. लाटांचा हिशेब त्यात नव्हता, पण थांबण्याचे तर्कशास्त्र तेच. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी जीवन संपविले. मुंबईत १९८६ साली झालेल्या टेस्ट ट्यूब बेबीमागील शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला.

गोठविलेल्या भ्रूणांच्या बाबतीतही कमी लाटा आणि अधिक यश यांची सांगड २०१४ मध्ये चीनमधील संशोधकांना आढळली. त्याच वर्षी उलट बाजूही पुढे आली. ताजे भ्रूण सोडलेल्या ८०० स्त्रियांच्या चाचणीत निम्म्यांना आकुंचने कमी करणारे ॲटोसिबॅन दिले. अपत्यजन्म ३९.८ टक्के, औषधाविना ३८.० टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. मिनिटाला तीन वा अधिक लाटा असणाऱ्यांनाही लाभ दिसला नाही.

लाटा हे अपयशाचे कारण, की संप्रेरकांच्या बिघडलेल्या तोलाची नुसती खूण? आम्हांला दुसरी शक्यता अधिक संभाव्य वाटते. परंतु त्यासाठी आधी लाटा मोजून, वेगवान लाटांच्याच स्त्रियांवर मोठी चाचणी घ्यायला हवी.