तिबेटी पंचांग आणि केशकर्तन

केस कोणत्या दिवशी कापावेत हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु तिबेटी समाजात त्याचे उत्तर पंचांग पाहून देण्याची रूढी आहे. महाराष्ट्रात शनिवारी क्षौर करू नये असे म्हणतात, म्हणजे तेथे वाराला महत्त्व. तिबेटी माणूस पाहतो ती तिथी. प्रचलित कोष्टकांत महिन्याच्या प्रत्येक तिथीचे फळ दिलेले असते. पहिल्या तिथीस केस कापल्यास आयुष्य घटते, तिसरीस धनलाभ होतो, आठवीस दीर्घायुष्य लाभते आणि अकरावीस बुद्धी वाढते, अशी समजूत आहे.

सारी भिस्त तिथीवर असल्यामुळे तिथीचे गणित बिनचूक असणे अगत्याचे ठरते. या गणिताचे मूळ भारतात आहे. कालचक्रतंत्राबरोबर ते हिमालयापलीकडे गेले, आणि साठ संवत्सरांचे तिबेटी चक्र इ. स. १०२७ पासून मोजले जाऊ लागले. महाराष्ट्राप्रमाणे तिबेटी महिनाही अमावास्येस संपतो. मात्र तिथी पक्षवार न मोजता एकपासून तीसपर्यंत मोजतात. पौर्णिमा पंधरावी आणि अमावास्या तिसावी. क्षयतिथी, वृद्धितिथी व अधिक मास हेही तेथे आहेतच. आठव्या तिथीचा क्षय झाला, तर दीर्घायुष्याचा तो मुहूर्त त्या महिन्यापुरता हुकलाच म्हणायचा!

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देसी सांग्ये ग्यात्सो या विद्वान राज्यकारभाऱ्याने ‘वैडूर्य करपो’ या ग्रंथात ज्योतिर्गणित आणि फलज्योतिष यांची व्यवस्थित मांडणी केली. पुढे १९१६ साली तेराव्या दलाई लामांनी ल्हासा येथे वैद्यक व ज्योतिष यांची ‘मेन्-ची-खांग’ ही संस्था स्थापन केली. १९५९ साली चौदावे दलाई लामा आणि त्यांच्यामागून सहस्रावधी तिबेटी लोक भारताच्या आश्रयास आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, हीच संस्था धर्मशाळा येथे पुन्हा उभी राहिली, आणि तेथून दरवर्षी तिबेटी पंचांग निघू लागले.

तिथीनुसार केस कापल्याने आयुष्य वाढते की नाही, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावा. बुद्धाच्या उपदेशात तर माणसाच्या बऱ्यावाईटाचे कारण त्याचे कर्मच मानले आहे. परंतु देश सुटल्यावर निर्वासितांना दुसऱ्याच्या दिनदर्शिकेने जगावे लागते, आणि सण, व्रते, श्राद्धदिन हळूहळू विसरले जातात. तिबेटी लोकांनी घरेदारे मागे टाकली, पण तिथी मोजणे सोडले नाही. वस्तरा हाती घेण्यापूर्वी पंचांग उघडणाऱ्या कुटुंबात हजार वर्षांची ती गणना अद्याप जिवंत आहे.