खैराती दवाखाना

माझी अम्मा सरकारी दवाखान्याला शेवटपर्यंत 'खैराती दवाखाना'च म्हणायची. औषध संपले आहे, असे खिडकीतून सांगितले की ती निमूटपणे रिकामी बाटली घेऊन परत यायची. "कधी येईल, एवढे तरी विचारायचे," असे मी म्हटले, तर म्हणे, "खैरातीत विचारायचं नसतं, बाबा." नुकताच बी.ए. झालेला मी तेव्हा हसलो होतो. पुढे इतिहास वाचू लागलो आणि कळले, तिचा शब्द अगदीच खोटा नव्हता.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय घ्या. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले; कंपनी सरकारने तेवढीच रक्कम घालावी, ही त्यांची अट. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुढे १९२६ मध्ये परळला के.ई.एम. सुरू झाले. त्याच्या शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी मिळाली ती शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून. चालवण्याचा भार मात्र महापालिकेने उचलला. दाता इमारत एकदा बांधून देतो. परिचारिकेचा पगार, कापूस, औषधे, रात्रीचा दिवा हे रोज लागते. तिथे अंदाजपत्रकच हवे.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ चा. तेव्हा देशात हजार माणसांमागे पाव खाटही नव्हती. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व समितीने मांडले आणि सुरुवातीला चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. १९५२ पासून अशी केंद्रे उभी राहू लागली. कागदावर तरी खैरात तिथे संपली.

१९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही म्हणून, त्याला परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोडून तो बरा झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; पैसा नाही, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली.

हक्क मान्य झाला. पण पैशाचे काय? २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कबूल केले, की सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.९ टक्के आहे. तो २०१० पर्यंत दोन टक्के करू. २०१७ च्या धोरणात हा आकडा १.१५ टक्के होता, आणि नवा वायदा २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा. वायद्याची तारीख पुढे सरकते, तेव्हा कुठल्या तरी खिडकीवरून रिकामी बाटली परत जात असते.

अम्माला द्यायचे उत्तर मला फार उशिरा सुचले. ती काड्यापेटी आणायची, साबण आणायची. त्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत कर होता, आणि तो ती आयुष्यभर भरत आली होती. त्या खिडकीपलीकडच्या औषधात तिचाही पैसा होता.

अम्मा, विचारायला हवे होते. तो दवाखाना तुझाच होता.