चरणाऱ्या गाईने किती खाल्ले? एका मोजमापाचा इतिहास

गोठ्यात बांधलेल्या गाईने किती वैरण खाल्ली हे काढायला वजनकाटा पुरतो. घातलेली तोला, उरलेली तोला, वजा करा. कुरणात चरणाऱ्या गाईच्या बाबतीत ही वजाबाकी करताच येत नाही, कारण तिच्यापुढे ‘घातलेली’ वैरण म्हणजे सगळे रान. आकडा मात्र हवाच. गवतातून पोटात किती गेले हे कळल्याशिवाय वर पेंड किती द्यायची ते ठरत नाही. कमी दिली तर दूध उतरते आणि गाय खंगते; जास्त दिली तर मालकाचे पैसे शेणात जातात.

पहिला मार्ग गवतच मोजण्याचा. कुरणात ठिकठिकाणी पिंजरे ठेवून आतले न चरलेले आणि बाहेरचे चरलेले गवत कापून तोलायचे. याने कळपाची सरासरी मिळते, एकेका गाईचा हिशोब मिळत नाही. शिवाय चरणे चालू असताना गवत वाढत असते आणि खुरांखाली तुडवलेही जाते.

दुसरा मार्ग उलट टोकाने जातो. खाल्लेल्यापैकी जे पचत नाही ते शेणात येते. म्हणून

खाल्लेले = शेण ÷ (१ − पचनीयता)

दोन्ही वजने पाणी वगळून, म्हणजे शुष्क पदार्थात धरायची. आता सगळे शेण कसे गोळा करणार? मागे पिशवी बांधून ते करता येते, पण पिशवी जड होते आणि गाय नेहमीसारखी चरत नाही. स्वीडनमध्ये एडिन यांनी १९१८ मध्ये क्रोमिक ऑक्साइड ही न पचणारी हिरवी पूड खूणद्रव्य म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. स्थापत्यचे विद्यार्थी ओढ्याचा प्रवाह मिठाचे द्रावण सोडून मोजतात, तीच ही युक्ती. रोज १० ग्रॅम पूड दिली आणि कोरड्या शेणात ती किलोमागे २.५ ग्रॅम सापडली, तर शेण ४ किलो. अडचण अशी, की पूड दिवसभर सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या नमुन्यांत फरक येतो. म्हणून पुढे पूड भिनवलेला कागद खाऊ घालण्यापर्यंत मजल गेली.

उरली पचनीयता. १९४९ मध्ये न्यूझीलंडच्या लँकेस्टर यांनी ती शेणातल्या नायट्रोजनवरून काढली. १९६३ मध्ये इंग्लंडमधील हर्ली येथे टिली आणि टेरी यांनी नळीतच पचन घडवले: गवताचा चुरा ४८ तास रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील रसात आणि मग ४८ तास पेप्सिन व आम्लात. ही पद्धत जगभर रुळली. पण नळीतले पचन म्हणजे तुमच्या त्या गाईचे, तिला पेंड मिळत असतानाचे पचन नव्हे.

इथे थांबून वरचे सूत्र नीट पाहा. शेण ४ किलो आणि पचनीयता ०.७० असेल तर खाल्लेले १३.३ किलो. पचनीयता चुकून ०.७३ धरली तर १४.८. आता कुरण उत्तम आहे, पचनीयता ०.८० आहे असे समजा: उत्तर २० किलो. तेवढीच ०.०३ ची चूक केली की ते २३.५ होते. म्हणजे चारा जितका चांगला, तितका अंदाज कच्चा! छेदातली वजाबाकी अशी चूक फुगवते, हे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याने आकडे घालून एकदा स्वतः बघावे.

या कोंडीतून वाट काढली ती स्कॉटलंडमध्ये मेझ, लॅम्ब आणि कोलग्रोव्ह यांनी, १९८६ मध्ये, कोकरांवरच्या प्रयोगांतून. गवताच्या पानांवर मेणाचा थर असतो. त्यातल्या अल्केन या संयुगांत कार्बन अणूंची संख्या बहुधा विषम असते, जसे ३१ किंवा ३३. त्यांनी जनावराला ३२ कार्बनांचा अल्केन ठरावीक मात्रेत दिला आणि शेणातले ३२ व ३३ यांचे गुणोत्तर घेतले. दोन्ही वाटेत थोडे हरवतात, पण जवळजवळ सारख्याच प्रमाणात. गुणोत्तरात ती तूट कटते. शेणाचे वजन नको, पचनीयता वेगळी काढायला नको. मला या सगळ्या इतिहासात ही सर्वांत देखणी पायरी वाटते. मोजमाप अधिक अचूक करण्याऐवजी त्यांनी चुकाच एकमेकींना खोडतील अशी मांडणी केली.

तरी एक आकडा बाहेरून आणावाच लागतो: गाईने खाल्लेल्या गवतात ३३ आणि ३२ किती होते. गाय कोवळे पान वेचते, काडी सोडते. म्हणून संशोधक तिच्या मागे फिरून तिच्यासारखेच गवत हाताने खुडतात.

आपल्याकडे बहुतेक दुभत्या गाई बांधून पोसल्या जातात, म्हणून तुम्हाला काटाच वापरायचा आहे. पण तोही फसवतो. समजा, ३० किलो हिरवा मका (शुष्क भाग २० टक्के) आणि ५ किलो कडबा (९० टक्के) घातला. शुष्क पदार्थ ६ आणि ४.५, मिळून १०.५ किलो, म्हणजे सरासरी ३० टक्के. गव्हाणीत ३ किलो उरले. सरासरीने वजा केले तर ०.९ जाऊन ९.६ किलो खाल्ले असे दिसते. पण उरलेली नुसती कडब्याची धांडे असतील, तर वजा करायचे २.७, आणि गाईच्या पोटात गेले ७.८ किलो.