घराचे वासे खरंच फिरतात

लाकडी सांगाड्याच्या घरावर संशोधन करायचं असेल, तर आधी एक सवय सोडा: भिंतीकडे बघण्याची. या घरात भिंत भार घेत नाही. भार खांबांवर, त्यांवर तुळया, वर आढं आणि वासे. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती-शेणाचं लिंपण. ती पडली तरी घर उभंच. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी घरंही अशीच: सांगाडा ओकचा, मधे फांद्या विणून मातीने लिंपलेला कूड. आपल्याकडे म्हणूनच घर खणांनी मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण.

आता घराचं वय. इथे मी सपशेल आपटले. उलव्याजवळच्या एका गावात घराचं छप्पर मंगळुरी कौलांचं दिसलं. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 चा, म्हणून घर त्यानंतरचं, असं मी ठोकून दिलं. गाईडनी एवढंच विचारलं, "कौलं बदलत नाहीत का गं?" परत गेले. एका खांबाच्या मध्यावर रिकामी खाच होती, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. खांब दुसऱ्याच घरातून आलेला! घर फिरलं की वासेही फिरतात, ही म्हण मी तेव्हापासून शब्दशः घेते.

पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. तो 1807 च्या सुमाराचा खरा, पण 1879 च्या आगीत त्याचा भाग जळला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. मग "1807 चा खांब" कुठला? सागाच्या वाढकड्या मोजता येतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये हवामानाच्या अभ्यासासाठी त्या मोजतातही. पण कडी झाड कधी वाढलं ते सांगते, घर कधी बांधलं ते नाही. शिवाय सुताराने बाहेरचं लाकूड तासलेलं असतं, म्हणजे शेवटच्या कड्या गेलेल्याच.

नवी मुंबई विमानतळासाठी उलव्यासह दहा गावं उठली. मोबदल्यासाठी घरांचं क्षेत्रफळ मोजलं गेलं. कुठला खांब कुठून आला, हे त्या मोजणीत कशाला येईल? तुमच्या गावात घर पाडायला काढलं असेल, तर खाचांचे फोटो आधी काढा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, लाकूड कुठून आणलं होतं. नकाशा नंतरही काढता येतो.

मी हल्ली जुन्या लाकडाच्या वखारी फिरते. मागच्या महिन्यात एका तुळईवर तीन रिकाम्या खाचा सापडल्या. तुळई कुठल्या गावची, वखारवाल्याला सांगता आलं नाही.