भोपाळची अदृश्य जखम आणि विद्यापीठांचे कर्तव्य

विद्यापीठाचा धर्म विद्यादानाचा. शोकाकुल वस्तीत त्याचे काय काम, अशी शंका पुष्कळ सुशिक्षितांच्या मनात येते. भोपाळच्या दुर्घटनेनंतरचा इतिहास या शंकेचे निरसन करतो.

१९८४ सालच्या २ डिसेंबरच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मेथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि सहस्रावधी माणसे प्राणास मुकली. वाचलेल्यांच्या डोळ्यांवर व फुप्फुसांवर तत्काळ उपचार सुरू झाले. परंतु उडालेली झोप, मनात ठाण मांडून बसलेले भय आणि आप्तांच्या वियोगाचे दुःख यांवर इलाज कोणी करावयाचा? मध्य प्रदेशातील पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकातही त्या वेळी मनोविकारतज्ज्ञ नव्हता.

अशा प्रसंगी परप्रांतातील दोन विद्यासंस्था भोपाळकरांच्या मदतीस आल्या. त्यांपैकी पहिली लखनौ विद्यापीठाचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय. १९८५ च्या आरंभी तेथील तज्ज्ञांनी वेगळे ठाणे न मांडता, वायुपीडित लोक नित्य जात अशा दहा दवाखान्यांतच आपले काम सुरू केले. ८५५ रुग्णांच्या तपासणीत १९३ जणांस, म्हणजे शेकडा बाविसांहून अधिकांस, मनोविकार जडल्याचे आढळले. छातीच्या दुखण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचे मनही घायाळ असू शकते, हे या आकड्यांनी सिद्ध केले.

आता एवढ्या मोठ्या नगरास पुरतील इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून? बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने त्यावर तोड काढली. एप्रिल १९८५ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी त्या वस्त्यांतील सामान्य डॉक्टरांनाच शिक्षण दिले. रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, शारीरिक तक्रारीमागील भय ओळखावे, धीर द्यावा, जरूर तेथे औषध योजावे आणि अवघड रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवावा, असे त्या शिक्षणाचे स्वरूप होते. पुढे १९९९ च्या ओरिसातील महावातानंतर याच संस्थेने गावपातळीवरील कार्यकर्त्यांपर्यंत ही विद्या पोचविली.

या कार्याचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. दुःखितास पुनःपुन्हा प्रश्न विचारून केवळ टिपणे घेऊन निघून जाणे, ही त्याच्या जखमेवरची खपली काढण्यासारखी गोष्ट होय. ज्या वस्तीतून विद्वानाने ज्ञान मिळविले, त्या वस्तीत त्याने काही कौशल्य मागे ठेवले, तरच तो व्यवहार सचोटीचा ठरतो.

अर्थात दिलासा म्हणजे न्याय नव्हे. भोपाळच्या पीडितांना भरपाईसाठी आणि शुद्ध पाण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. ते ऋण कोणतेही विद्यापीठ फेडू शकत नव्हते. परंतु झगडण्यास जे मनोबल लागते, ते सावरण्यास हात देणे विद्येच्या अधिकारातील होते, आणि तेवढे या दोन संस्थांनी केले.